क्वेरी बरोबर, उत्तर चूक!

वेबसाइट बनवताना स्क्रीनवर एरर आला की आपण वैतागतो. खरं तर एररइतका प्रामाणिक मित्र नाही. चूक कुठे आहे ते तो तोंडावर सांगून मोकळा होतो. कॉमा राहिला, टेबलचं नाव चुकलं, कंस बंद केला नाही, असल्या गोष्टी पाच मिनिटांत सापडतात. भीती वाटायला हवी ती एरर न देणाऱ्या क्वेरीची. ती मुकाट्याने चालते, सुंदर यादी दाखवते, खाली बेरीजसुद्धा देते आणि ती यादीच चुकलेली असते. हा लेख अशा क्वेरींविषयी आहे. तो कॉम्प्युटरच्या मुलांसाठी तर आहेच, पण ऑफिसमध्ये रोज दोन याद्या जुळवत बसणाऱ्या आपल्या कर्मचारी बंधू-भगिनींनाही उपयोगी पडेल अशी आशा आहे.

यादी चुकली म्हणजे प्रॅक्टिकलचे मार्क गेले, एवढंच नसतं. जालना जिल्ह्यात ज्याच्या घरी किंवा नात्यात शेती नाही असा मुलगा होस्टेलमध्ये शोधावाच लागेल. २०१७ च्या कर्जमाफीची आठवण अनेक घरांत अजून आहे. त्या वर्षी जूनमध्ये राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाख रुपयांपर्यंतचं थकीत कर्ज माफ होणार होतं आणि एकूण आकडा सांगितला गेला होता ३४,०२२ कोटी रुपये. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचे, बँकांनी कर्जखात्यांची माहिती द्यायची आणि दोन्ही जुळवून लाभार्थ्यांची यादी काढायची, अशी पद्धत होती. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रं वाटायला सुरुवात झाली आणि पाठोपाठ बातम्या आल्या. बँकेची माहिती आणि अर्जातली माहिती जुळत नव्हती, एकाच आधार क्रमांकापुढे अनेक नावं दिसत होती. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि पैसे मिळायला उशीर झाला.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा दोन टेबलांचा जॉइन होता. वर्गात जॉइन दोन तासांत शिकवून होतो. प्रत्यक्षात तो किती ठिकाणी घसरतो ते पाहण्यासाठी मी एक काल्पनिक गाव घेते. गावात ३०० अर्ज आले आहेत, प्रत्येक शेतकऱ्याचा एकच. पहिल्या टेबलचं नाव 'अर्ज'. बँकेकडून आलेल्या दुसऱ्या टेबलचं नाव 'खाती'. दोन्हींत आधार क्रमांकाचा रकाना आहे. आकडे माझे आहेत, अडचणी मात्र सगळ्यांच्या आहेत.

१. ओळी वाढल्या, माणसं कमी झाली

आपण साधा इनर जॉइन लावला. उत्तरात ३१२ ओळी आल्या. ३०० अर्ज होते, ३१२ आले, म्हणजे सगळे जुळले असं वाटून आपण चहाला निघतो. इथेच फसगत होते.

हिशोब असा आहे. ९ अर्जदारांचा आधार क्रमांक 'खाती' टेबलमध्ये सापडलाच नाही, म्हणून इनर जॉइनने त्यांना गुपचूप बाहेर काढलं. उरले २९१. त्यांतल्या २१ जणांची दोन-दोन कर्जखाती आहेत, एक जिल्हा बँकेत आणि एक राष्ट्रीयीकृत बँकेत. त्यांच्या दोन-दोन ओळी झाल्या. २९१ अधिक २१ म्हणजे ३१२. वाढलेल्या ओळींच्या आड ९ माणसं हरवली.

याच उत्तरावर अर्जातल्या जमिनीची बेरीज केली तर त्या २१ जणांची जमीन दुप्पट मोजली जाते. मग कोणीतरी सुचवतं, "डिस्टिंक्ट लाव ना!" डिस्टिंक्ट हे दुखणं झाकणारं मलम आहे. समजा आपण फक्त आधार आणि रक्कम हे दोनच रकाने निवडले आणि एखाद्याच्या दोन्ही खात्यांवर नेमकी ४०,००० रुपयांची थकबाकी असली, तर डिस्टिंक्ट त्यातली एक ओळ उडवून टाकतं. त्याचे ४०,००० रुपये गेले.

उपाय सोपा आहे. जॉइनच्या आधी दोन्ही टेबलांच्या ओळी मोजा. जॉइननंतर ओळीही मोजा आणि वेगवेगळे अर्ज क्रमांकही मोजा. चारही आकडे कागदावर लिहा आणि फरकाचं कारण सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका. बेरीज हवी असेल तर आधी 'खाती' टेबलवर ग्रुप बाय करून माणशी एक ओळ करा आणि मग जोडा.

२. लेफ्ट जॉइनचा झालेला इनर जॉइन

हरवलेले ९ परत आणण्यासाठी आपण लेफ्ट जॉइन लावतो. आता सगळे ३०० दिसतात. ज्यांचं खातं सापडलं नाही त्यांच्यापुढे बँकेच्या रकान्यात नल येतं. मग सर सांगतात, फक्त जिल्हा बँकेची खाती दाखवा, बाकीच्यांसमोर रिकामं ठेवा. आपण शेवटी व्हेअर लावून बँकेचं नाव टाकतो आणि ते ९ जण पुन्हा गायब होतात. ज्यांचं खातं फक्त दुसऱ्या बँकेत आहे तेही सोबत जातात.

कारण असं की व्हेअर हे जॉइन झाल्यावर चालतं. नल हे कुठल्याही बँकेच्या नावाशी जुळत नाही, म्हणून ती ओळ गळते. उजव्या बाजूच्या टेबलची अट ऑनमध्ये लिहायची, व्हेअरमध्ये नाही. एवढी एक ओळ लक्षात ठेवली तरी अर्ध्या तक्रारी संपतात.

३. नल म्हणजे शून्य नव्हे

नलचा अर्थ 'माहीत नाही'. तो शून्य नाही, रिकामी जागाही नाही. 'माहीत नाही' बरोबर 'माहीत नाही' का? याचं उत्तरही 'माहीत नाही' असंच येतं. म्हणून नल शोधायला बरोबरचं चिन्ह चालत नाही, 'इज नल' लिहावं लागतं.

आता या लेखातला माझ्या मते सर्वांत धोकादायक प्रकार. ज्यांचं खातं सापडलं नाही अशा अर्जांची यादी आपल्याला हवी आहे. आपण लिहितो, असे अर्ज दाखव ज्यांचा आधार 'खाती' टेबलमधल्या आधारांत नॉट इन आहे. वाचायला अगदी बरोबर. पण 'खाती' टेबलमध्ये एका जरी ओळीत आधारचा रकाना नल असला, तर उत्तर येतं शून्य ओळी. डेटाबेसचं म्हणणं असं: तो नल म्हणजे कुठला तरी माहीत नसलेला क्रमांक आहे. तो याच अर्जदाराचा असू शकेल. मग हा अर्जदार यादीत 'नाही' असं मी खात्रीने कसं सांगू? आणि तो कोणाचंच नाव सांगत नाही.

विचार करा, रिपोर्टवर छापून येतं, "एकही अर्ज राहिलेला नाही." साहेब खूश, आपण खूश आणि ते ९ जण घरी वाट बघत बसलेले. एरर नाही, वॉर्निंग नाही. अशा ठिकाणी नॉट इनऐवजी नॉट एक्झिस्ट्स वापरा. त्याला एखाद्या नलने काही फरक पडत नाही, ते ९ बरोबर दाखवतं. आणि एक सवय लावून घ्या. 'राहिलेल्यांची' यादी रिकामी आली तर आनंद मानण्याआधी संशय घ्या. एक मुद्दाम न जुळणारी ओळ घाला आणि ती यादीत येते का ते बघा.

४. डोळ्याला सारखं, संगणकाला वेगळं

आधार जुळला नाही की लोक नावावरून जुळवायला बघतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे आडनावं इंग्रजी स्पेलिंगने लिहायची मला सवय. एकच चव्हाण आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. घनसावंगी, जाफराबाद यांचीही तीच गत. बँकेत एक स्पेलिंग, अर्जात दुसरं आणि सातबाऱ्यावर मराठी. हे तिन्ही जुळवणारी क्वेरी कोणालाच लिहिता येत नाही.

बरं, सगळं मराठीत लिहिलं तर प्रश्न सुटतो का? नाही! 'शेतकऱ्यांचा' हा शब्दच घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक कीबोर्ड खाली नुक्ता असलेलं स्वतंत्र अक्षर ऱ वापरतो. दुसरा साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे दिसतात. पण आत साठवलेले कोड वेगळे, त्यामुळे जिथे बायनरी तुलना होते तिथे एक 'कऱ्हाडे' दुसऱ्या 'कऱ्हाडे'ला ओळखत नाहीत. युनिकोडचं प्रमाणित रूप करणारं फंक्शन चालवलं तरी हा फरक जात नाही. डेटा आत घेतानाच एक रूप ठरवून दुसरं बदलून टाकावं लागतं. शब्दाच्या मागेपुढे राहिलेली स्पेसही तेव्हाच काढायची. जुन्या फाइली श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या असतील तर आत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. त्या आधी रूपांतरित कराव्या लागतात.

जिल्ह्याच्या नावावर जॉइन करणाऱ्यांनी तर आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीच्या कागदांवर अंबड आणि भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात दिसतात आणि परतूर परभणीत. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. गाव जागेवरच आहे, नाव आणि जिल्हा बदलत गेले. म्हणून गाव, तालुका, जिल्हा यांना कोड देतात. जनगणनेत गावांना कोड असतात, केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही असतात. जॉइन कोडवर करा, नाव फक्त दाखवण्यासाठी ठेवा.

५. मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं

हा आजार ओळखायची एक खूण सांगते. मराठी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली आणि टेबलमध्ये बघितल्यावरही प्रश्नचिन्हंच असली, तर मूळ अक्षरं गेली. टेबलला मराठी अक्षरं ठेवता येत नव्हती, म्हणून त्याने प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं. आता मूळ फाइल शोधणं एवढंच हातात उरतं. पण डोक्यावर टोप्या घातलेली चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसली, तर बहुतेक वेळा डेटा वाचवता येतो. तिथे साठवताना किंवा वाचताना एकाने यूटीएफ-८ धरलं आणि दुसऱ्याने लॅटिन, एवढाच घोळ असतो.

मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत आपण काही न सांगितल्यास लॅटिन-१ धरलं जायचं. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून यूटीएफ-८-एमबी-४ धरलं जातं. कॉलेजच्या जुन्या सर्व्हरवर काय आहे ते बघून घ्या. टेबल, कनेक्शन आणि वेब पेज या तिन्ही ठिकाणी एकच असायला हवं.

याच्याच जोडीला रकान्याची लांबी. 'घनसावंगी' ही आपल्याला पाच अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये काना, अनुस्वार, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणून ती आठ होतात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे २४ बाइट. मायएसक्यूएल व्हारकॅरची लांबी अक्षरांत मोजतं, ओरॅकल न सांगितल्यास बाइटमध्ये. इंग्रजी नावांवर टेस्ट करून वीसचा रकाना ठेवला, की ओरॅकलमध्ये घनसावंगी बसत नाही.

६. खाते क्रमांक हा आकडा नव्हे

ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा नाही, ते नाव आहे. खाते क्रमांक आकड्याच्या रकान्यात टाकला की सुरुवातीची शून्यं जातात. एक्सेल फक्त १५ अंक अचूक ठेवतं. १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक ते शून्य करून टाकतं. अशी फाइल वरून टाकली तर क्वेरी कितीही चांगली असली तरी पैसे जुळणार नाहीत. खाते क्रमांक, आधार, पिनकोड, मोबाइल हे सगळं मजकूर म्हणून साठवा. शोधतानाही अवतरणचिन्हांत द्या. मजकुराच्या रकान्याची तुलना उघड्या आकड्याशी केली तर मायएसक्यूएल दोन्हींचं दशांश संख्येत रूपांतर करतं. मग इंडेक्सही वापरला जात नाही आणि लांब क्रमांकांत चुकीची जोडी जुळण्याचा धोकाही राहतो.

७. पान उघडायला चहा थंड होतो

३०० ओळींवर सगळंच वेगात चालतं. पन्नास लाख ओळींवर खरी परीक्षा. क्वेरीच्या पुढे एक्सप्लेन हा शब्द लिहून चालवा. डेटाबेस कसं शोधणार आहे ते तो सांगतो. टाइपच्या रकान्यात 'ऑल' दिसलं तर तो पूर्ण टेबल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतोय. 'रोज' रकान्यात किती ओळी चाळाव्या लागतील त्याचा अंदाज असतो. हा रोज म्हणजे मेसमधली रोजची बटाट्याची भाजी नव्हे!

इंडेक्स असूनही न वापरला जाण्याची दोन नेहमीची कारणं. पहिलं, रकान्याला फंक्शनमध्ये गुंडाळणं. 'तारखेचं वर्ष २०१७' असं लिहिलं की प्रत्येक ओळीचं वर्ष काढून बघावं लागतं. त्याऐवजी '१ जानेवारी २०१७ पासून, १ जानेवारी २०१८ च्या आधी' असं लिहा. यात ३१ डिसेंबरच्या संध्याकाळचे अर्जही सुटत नाहीत. दुसरं, लाइकमध्ये शब्दाच्या सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह. शब्दकोशात 'प'ने सुरू होणारे शब्द लगेच सापडतात, 'ल'ने संपणारे शोधायला अख्खा कोश चाळावा लागतो, तसंच हे.

तिसरं कारण क्वेरीत नसतं, आपल्या लूपमध्ये असतं. आधी ३०० अर्ज आणायचे आणि मग लूपमध्ये प्रत्येकाचं खातं वेगळं विचारायचं, म्हणजे ३०१ क्वेरी झाल्या. एका किलो साखरेसाठी एकेक चमचा आणायला ३०१ वेळा दुकानात जाण्यासारखं. एका जॉइनमध्ये सगळं आणा.

८. नावातलं एक चिन्ह

फॉर्ममधलं नाव सरळ क्वेरीच्या मजकुरात चिकटवलं आणि कोणी डिसोझा आडनाव इंग्रजीत वरच्या स्वल्पविरामासह लिहिलं, की क्वेरी मोडते. विद्यार्थी म्हणतो, साइट बंद आहे. खरं तर त्या चिन्हाने एक उघडा दरवाजा दाखवून दिलेला असतो. ज्या जागेतून डिसोझाचं चिन्ह आत गेलं, त्याच जागेतून एखादा मुद्दाम लिहिलेला आदेशही आत जाऊ शकतो. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय एकच, प्रीपेअर्ड स्टेटमेंट. त्यात क्वेरी वेगळी जाते आणि नाव वेगळं. होस्टेलमध्ये पिढ्यान् पिढ्या फिरणाऱ्या नोट्समधली मायएसक्यूएलची जुनी फंक्शन्स पीएचपी ७ मध्ये, म्हणजे २०१५ मध्येच काढून टाकली आहेत. त्या नोट्स आता रद्दीत द्यायला हरकत नाही.

तपासण्याचा क्रम

गडबड झाली की सगळं एकदम बदलू नका. हा क्रम धरा:

(१) वेब पेज बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष गेलेली क्वेरी छापून डेटाबेसमध्ये थेट चालवा.
(२) उत्तर ज्याचं आपल्याला हाताने काढता येतं अशी एक ओळ घ्या आणि ती कुठे हरवते ते पाहा.
(३) जॉइन एकेक करून जोडा आणि दर वेळी ओळी मोजा.
(४) नल किती आहेत ते प्रत्येक जोडणाऱ्या रकान्यात मोजा.
(५) दिसायला सारखे पण न जुळणारे शब्द हेक्स फंक्शनने उघडून बघा, आतले कोड दिसतील.
(६) अपडेट किंवा डिलीट करण्याआधी तोच व्हेअर सिलेक्टला लावून बघा. मग ट्रान्झॅक्शन सुरू करा, बदललेल्या ओळींची संख्या जुळली तरच कमिट, नाहीतर रोलबॅक.

एवढं करूनही एक गोष्ट राहते. ज्याची ओळ आहे त्या माणसाला ती दाखवणं. डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतच्या कर्जासाठी महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, तेव्हा पद्धत बदलली होती. शेतकऱ्याने अर्ज भरायचा नव्हता. माहिती बँकांकडून घेतली, प्रत्येक कर्जखात्याला एक विशिष्ट क्रमांक दिला आणि २४ फेब्रुवारी २०२० पासून याद्या लावायला सुरुवात झाली. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधारने ओळख पटवायची, रक्कम बघायची आणि मान्य नसेल तर तक्रार नोंदवायची. डेटाबेसच्या विद्यार्थ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. टाइप केलेल्या नावांऐवजी ओळीला स्वतःचा एक क्रमांक, आणि पैसे पाठवण्याआधी माणसाची मान्यता.

उद्या आपल्यातले कितीतरी जण बँकेचं, हॉस्पिटलचं, नाहीतर सरकारी योजनेचं सॉफ्टवेअर लिहितील. तेव्हा ३१२ ओळी बघून चहाला जाऊ नका. ते ९ जण कोण आहेत, ते आधी शोधा.